टाकीला कुलूपवाले झाकण लावण्याआधी

डिचोलीहून एका तरुणाने विचारले आहे. घरी दोन गाड्या आहेत: काकांची १९८९ सालची बुलेट आणि नारळ-सुपारी म्हापशाच्या बाजारात नेणारी डिझेल पिकअप. घर रस्त्याला लागून, अंगणाला गेट नाही. गेल्या दोन महिन्यांत पिकअपचे डिझेल रात्रीतून दोनदा काढून नेले. पिकअपच्या मूळ झाकणाची किल्ली कधीच हरवली, आता साधे झाकण बसवलेले आहे. सुट्या भागांच्या दुकानदाराने दोन्ही गाड्यांसाठी किल्लीची झाकणे काढून दाखवली आणि ती कुठल्याही टाकीला बसतात असे सांगितले. काका बुलेटच्या झाकणाला हात लावू देत नाहीत. प्रश्न असा, की कुलूप लावल्याने तोटा तो काय होणार?

तुमच्या काकांचे म्हणणे बरोबर आहे. फोंड्यात मी गेली ३१ वर्षे गॅरेज चालवतो. झाकणापायी बंद पडलेल्या ज्या गाड्या माझ्याकडे आल्या, त्यांतल्या बहुतेकांवर बाजारातून आणलेले कुलूपवाले झाकण होते. मालक मात्र येताना प्लग, कार्ब्युरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणारा भाग), पेट्रोलात पाणी, असे काहीतरी सांगत यायचे. झाकणावर कुणाचा संशयच जात नाही.

टाकीचे झाकण म्हणजे नुसते बूच नव्हे. इंधन बाहेर सांडू द्यायचे नाही आणि पाणी-धूळ आत येऊ द्यायची नाही, ही त्याची दोन कामे सगळ्यांना माहीत असतात. तिसरे काम दिसत नाही. इंजिन जितके इंधन ओढते तितकी हवा टाकीत यावी लागते. जुन्या मोटारसायकलींत ही हवा झाकणातल्या बारीक वाटेनेच येते. तुमच्या बुलेटचे मूळ झाकण उलटे करून पाहा, आतल्या पत्र्यात किंवा वायसरच्या मागे ती वाट सापडेल. कुलूप बसवायचे तर त्याच जागेत लॉकचा गोल, स्प्रिंगा आणि पट्ट्या बसवाव्या लागतात. चांगली कंपनी हवेची वाट वेगळी काढून देते. "कुठेही बसतात" अशा झाकणांत ती वाट एकतर नसते, नाहीतर इतकी अरुंद असते की पहिल्या धुळीने बुजते.

एका पायलटची गोष्ट सांगतो. आमच्याकडे भाड्याच्या मोटारसायकलवाल्याला पायलट म्हणतात, हे गोव्याबाहेरच्या वाचकांसाठी. त्याची गाडी दिवसभर फोंडा बसस्टँडवरून लोकांना मंगेशी, म्हार्दोळ, कवळे असे सोडायची. जून महिन्यात ती बंद पडू लागली. स्टँडवरून निघाली की चार-पाच किलोमीटरवर धक्के मारायची आणि थांबायची. दहा मिनिटे उभी केली की पुन्हा चालू. दोन ठिकाणी कार्ब्युरेटर साफ करून झाला, प्लग बदलला, कॉइल बदलली, एकाने टाकी उतरवून धुऊनही दिली. भाडे अर्ध्या वाटेत उतरून दुसऱ्या गाडीने जायचे. पोटावर पाय आलेला माणूस होता तो.

मी त्याला एकच विचारले: टाकी भरली की लवकर बंद पडते की उशिरा? तो म्हणाला, भरली की लवकर, आणि पावसात हमखास. मग मी झाकण सैल केले आणि त्याला बोरीच्या पुलापर्यंत जाऊन यायला सांगितले. एकदाही न थांबता आला. महिन्यापूर्वी मूळ झाकणाची किल्ली मोडली म्हणून त्याने बाजारातले नवे बसवले होते. त्याला हवेची वाट होती, पण आतल्या रबराने ती पूर्ण दाबून धरली होती.

भरलेल्या टाकीत लवकर आणि पावसात हमखास, याचे कारण समजून घेतले तर पुढच्या वेळी तुम्हाला गॅरेजही गाठावे लागणार नाही. कार्ब्युरेटरच्या गाडीत पेट्रोल फक्त आपल्या वजनाने खाली उतरते. टाकीतले पेट्रोल कार्ब्युरेटरच्या वर फार तर २० सेंटिमीटर उभे असते. त्याचा दाब वातावरणाच्या दाबाच्या जेमतेम दीड टक्का. म्हणजे टाकीतल्या हवेचा दाब दीड टक्क्याने उतरला तरी पेट्रोल उतरायचे थांबते. टाकी काठोकाठ असेल तेव्हा वरची हवा लिटरभर, तिचा दीड टक्का म्हणजे १५ मिलिलिटर. तेवढे पेट्रोल किलोमीटरभरात संपते. पेट्रोलची वाफ ही तूट थोडीफार भरून काढते, म्हणून गाडी प्रत्यक्षात चार-पाच किलोमीटर जाते. टाकी अर्धी झाली की वर हवा जास्त, तीच गाडी पंधरा-वीस किलोमीटर खेचते. उन्हात टाकी तापली की वाफ वाढते आणि दोष झाकला जातो. पावसाची सर आली की पत्रा गार होतो, वाफ आवळते आणि गाडी तिथेच उभी राहते. मग प्रत्येक जण म्हणतो की प्लगवर पाणी गेले. गोव्यात हे निदान हमखास चुकते ते याच कारणाने.

परीक्षा सोपी आहे. गाडी बंद पडल्याबरोबर झाकण उघडा. हवा आत ओढल्याचा "फुस्स" आवाज आला आणि लगेच गाडी चालू झाली, तर दोष झाकणात. दहा मिनिटे थांबून उघडले तर आवाज येणार नाही, कारण तोवर हवा कुठूनतरी झिरपलेली असते.

इंजेक्शनच्या, म्हणजे कार्ब्युरेटर नसलेल्या गाड्यांत प्रकार वेगळा, आणि माझ्या मते जास्त वाईट. तिथे पंप पेट्रोल ३ बारच्या आसपास, म्हणजे वातावरणाच्या साधारण तिप्पट दाबाने ढकलतो, त्यामुळे टाकीत थोडी पोकळी झाली म्हणून गाडी थांबत नाही. पंप ओढत राहतो, पोकळी वाढत जाते. वातावरणाचा दाब चौरस सेंटिमीटरला साधारण १ किलो असतो. आतला दाब त्याच्या एक दशांशाने जरी उतरला, तरी ३० बाय ३० सेंटिमीटरच्या बाजूवर बाहेरून ९० किलोचे ओझे पडते. वाळपईकडच्या एका भाजीवाल्याची डिझेल गाडी माझ्याकडे आली ती काटा खोटे दाखवतो म्हणून. टाकी अर्धी असताना काटा पाऊण सांगायचा. खाली शिरून पाहिले तर प्लास्टिकची टाकी बुडातून आत ओढली गेली होती आणि तळ वर आल्यामुळे फ्लोट, म्हणजे इंधनावर तरंगून काटा हलवणारा भाग, फसत होता. झाकण काढले तेव्हा दोन-तीन सेकंद नुसती हवा शिरत होती. टाकी थोडी परत फुगली, पूर्ववत झाली नाही. अडीचशे रुपयांच्या झाकणाने टाकीचा खर्च लावला. तुमच्या पिकअपसाठी दुकानात जे दाखवले, ते याच जातीचे असण्याची मला भीती वाटते.

याच्या उलट बाजूही आहे. हवा बाहेर जाण्याची वाट बंद झाली तर टाकी आतून फुगते. पेट्रोल दर १० अंशांना साधारण एक टक्का प्रसरण पावते. पंपाच्या जमिनीखालच्या टाकीतून आलेले गार पेट्रोल तोंडापर्यंत भरायचे आणि गाडी एप्रिलच्या उन्हात उभी करायची, म्हणजे १२ लिटरांचे पाव लिटर वर चढायला जागा मागते. वाफेचा दाब वेगळाच. अशा वेळी कुलूप उघडताच पेट्रोल उसळून हातावर, मांडीवर, तापलेल्या इंजिनावर येते. पंपाच्या रांगेत हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. त्या दिवशी ठिणगी पडली नाही एवढेच. झाकण उन्हात उघडायचे असेल तर गाडीवरून उतरा, फडका झाकणावर ठेवा, किल्ली फिरवून थोडे सैल करून थांबा, आवाज बंद झाल्यावर पूर्ण काढा. मूल पुढे टाकीवर बसवून पेट्रोल भरू नका, कळकळीने सांगतो.

आता कुलपाकडे येऊ. गोव्यात वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तोही बहुतेक चार महिन्यांत. किनाऱ्याला खारा वारा आणि रेती, तुमच्याकडे लाल धूळ. मोटारसायकलच्या टाकीचे कुलूप आकाशाकडे तोंड करून असते. पाणी त्यात साचते. किल्लीच्या भोकावरची छोटी झडप पहिल्या वर्षातच सैल होते. खाणी २०१२ साली बंद पडल्या, त्याआधी सांखळी-उसगाव भागातले खनिजाचे ट्रक माझ्याकडे यायचे, त्यांच्या डिझेल टाकीच्या कुलपांत लाल चिखल सिमेंटसारखा घट्ट बसलेला असायचा. क्लिनर हातोड्याने ठोकून झाकणे उघडायचे. किनाऱ्याकडे दुसरा प्रकार: स्वस्त झाकणाचे अंग जस्ताच्या मिश्रधातूचे असते, खाऱ्या हवेत त्यावर पांढरी भुकटी येते आणि आतल्या पितळी पट्ट्या अडकतात. कळंगुट-बागा भागात भाड्याने फिरणाऱ्या मोटारसायकलींच्या झाकणात किल्ली जितकी मोडते, तितकी इग्निशनमध्ये मोडत नाही. पर्यटकाच्या खिशातून रेती किल्लीला लागून येते, तो जोर लावतो, किल्ली पिळवटते.

मोडलेली किल्ली ही नुसती गैरसोय म्हणून सोडून देऊ नका. पुष्कळ मोटारसायकलींना इग्निशन आणि टाकी यांना एकच किल्ली. ती टाकीत मोडली की टाकीही उघडत नाही आणि गाडीही चालू होत नाही. चोर्ला घाटात किंवा मोलेच्या पुढे अनमोडच्या चढणीवर हे घडले तर टोचन करूनच गाडी खाली आणावी लागते. घरात आजारी माणूस असेल, रात्री शेजाऱ्याने तुमची गाडी काढून दवाखाना गाठायचा असेल आणि टाकीची वेगळी किल्ली तुमच्या खिशात राहून तुम्ही बेळगावला असाल, तर ते कुलूप कुणाच्या विरुद्ध लावले आहे याचा विचार करा.

आणि एक धोका, ज्याबद्दल मी गॅरेजमधल्या पोरांना पहिल्याच दिवशी बजावतो. अडकलेले झाकण टाकीवर असताना ड्रिल करायचे नाही. मेणबत्ती किंवा लायटरने किल्ली तापवून घालायची नाही. पेट्रोलच्या वाफेला ठिणगी पुरते, आणि रिकामी टाकी भरलेल्या टाकीहून जास्त धोक्याची, कारण तिच्यात वाफ आणि हवा दोन्ही असते. किल्लीवाला बोलवा किंवा टाकी उतरवून, पेट्रोल टाकीखालच्या कॉकमधून (तोटीतून) काढून, मोकळ्या जागी काम करा. हवा येत नाही म्हणून झाकणाला भोक पाडणारे मिस्त्रीही आहेत. त्या भोकातून पाऊस आत जातो, आणि गाडी आडवी पडली की पेट्रोल बाहेर येते. मूळ झाकणात हवा आत येते पण पेट्रोल सहज बाहेर पडत नाही अशी सोय असते, ड्रिलच्या भोकात ती येणार कुठून?

पावसाच्या पाण्याचा प्रश्न आता आणखी नाजूक झाला आहे. पंपावरच्या पेट्रोलात आज २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. इथेनॉल पाणी ओढून घेते. थोडे पाणी त्यात विरघळून जळून जाते, पण मर्यादेपलीकडे गेले की पाणी आणि इथेनॉल मिळून तळाशी बसतात, आणि कॉकला पहिले तेच लागते. १९८९ सालच्या बुलेटची लोखंडी टाकी त्या थराने आतून गंजते. नव्या मोटारसायकलींत टाकीत बसवलेल्या झाकणाच्या खोबणीतून पाणी वाहून जायला एक बारीक नळी असते. ती कुंभारमाशीच्या मातीने बुजते, खोबणीत पाणी भरते, आणि झाकण उघडल्याबरोबर सगळे टाकीत. ज्यांच्याकडे अशी गाडी आहे त्यांनी चवथीला घर साफ करताना त्या नळीत एकदा हवा मारून घ्यावी. पाच मिनिटांचे काम आहे.

नव्या चारचाकी आणि २०२० नंतरच्या बीएस-६ (धूर-प्रदूषणाच्या नव्या नियमांच्या) दुचाकी यांच्याबद्दल थोडक्यात. त्यांत पेट्रोलची वाफ बाहेर सोडत नाहीत, कोळशाच्या डब्यात साठवून इंजिनाला परत देतात. त्यांचे झाकण ठरावीक दाबाच्या झडपांचे असते. जुन्या पद्धतीचे उघड्या वाटेचे कुलूपवाले झाकण तिथे लावले की गाडीत पेट्रोलचा वास येतो, काही मोटारींत इंजिनाचा दिवा लागतो, आणि वाफेच्या रूपाने तुमचे पैसे हवेत जातात. अशा गाडीला कंपनीने त्याच मॉडेलसाठी दिलेलेच झाकण लावा. बहुतेक मोटारींत बाहेरची झडप आतल्या खटक्याने उघडते आणि भरण्याच्या नळीत रबरी नळी सहजासहजी आत जात नाही, म्हणजे वेगळ्या कुलपाची गरजच उरत नाही.

एवढे करून चोरी थांबते का, हे पाहायला हवे. बुलेटच्या बाबतीत मी ठाम सांगतो, नाही. टाकीच्या खाली कॉक आणि त्याला लावलेली रबरी नळी उघडी असते. चोराला झाकणाशी कामच नाही. नळी ओढायची, बाटली धरायची, कॉक उघडायचा, अर्ध्या मिनिटाचे काम. कुलूप पाहून तो झाकणाला पाना लावण्याच्या फंदात पडला तर टाकीच्या तोंडाचा पत्रा वाकवून ठेवील. ३ लिटर पेट्रोल गेले तर शंभर रुपये लिटर धरून तीनशे रुपये गेले. जुन्या बुलेटच्या मूळ टाकीचे तोंड एकदा वाकले की पुन्हा तसे बसवणारा हात आज शोधावा लागतो. काका त्याच टाकीसाठी अडून बसले आहेत, आणि मी त्यांच्या जागी असतो तर मीही तेच केले असते.

पिकअपचे वेगळे आहे. तिथे डिझेल भरण्याच्या तोंडातून नळी घालून काढले जाते, आणि साध्या झाकणाने तुम्ही वाट मोकळी ठेवली आहे. तिथे कुलूप असावे, असे माझे मत आहे. मात्र दुकानातले "कुठेही बसणारे" घेऊ नका. तुमच्या मॉडेलचे, कंपनीचे, किल्लीसह झाकण मागवा. महाग पडेल, दोन वेळच्या चोरीपेक्षा नाही. घेताना ते मूळ झाकणाशेजारी ठेवून पाहा: आतली रबराची कडी तेवढ्याच जाडीची हवी, झडप आहे की नाही ते दिसले पाहिजे. बसवल्यावर पहिल्या आठवड्यात दर वेळी उघडताना कान द्या. थोडा आवाज चालेल, लांब ओढलेला आवाज आला तर परत करा.

त्याबरोबर दोन गोष्टी करा, ज्यांना पैसे लागत नाहीत. रात्री पिकअप लावताना टाकीची बाजू भिंतीला इतकी चिकटवून लावा की मधे माणूस बसू शकणार नाही. आणि एकदा गाडीखाली शिरून टाकीच्या बुडाचा निचऱ्याचा बोल्ट पाहा. तिथे तेलकट ओल किंवा पान्याचे ताजे ओरखडे असतील, तर तुमचे डिझेल वरून गेलेलेच नाही. मग झाकणाला कुलूप घालून उपयोग शून्य, त्या बोल्टवर पत्र्याचे संरक्षण वेल्ड करून घ्यावे लागेल, आणि ते टाकी उतरवून, रिकामी करून, पाण्याने भरून किंवा वाफेने धुऊनच. थेट टाकीवर वेल्डिंगची ठिणगी कुणालाही पाडू देऊ नका.

कुलूप बसवल्यावर त्याची निगा अशी ठेवा. मेच्या शेवटी आणि पुन्हा दसऱ्याला भोकात ग्रॅफाइटची पूड फुंकायची. तेल किंवा ग्रीस नको, त्याला धूळ चिकटते आणि सहा महिन्यांत खळ तयार होते. किल्ली आधी पुसायची. फिरत नसेल तर झाकण हाताने खाली दाबून फिरवायची, म्हणजे रबराचा ताण किल्लीवर येत नाही. बहुतेक किल्ल्या मोडतात त्या झाकण न दाबता पिळल्यामुळे. दुसरी किल्ली घरात सगळ्यांना माहीत असलेल्या खिळ्याला अडकवा, गाडीत ठेवू नका.

बुलेटसाठी मूळ झाकण तसेच ठेवा, त्याचा कॉर्क किंवा रबरी वायसर तेवढा बदला आणि हवेची वाट बारीक तारेने मोकळी करा. चोरीची भीती असेल तर कॉकचा दांडा काढता येतो, किंवा रात्री गाडी ओसरीवर चढवता येते. ओसरीला पायरी असेल तर लाकडाची उतरती फळी करून घ्या. आमच्याकडे अजूनही जुन्या गाड्या अशाच घरात झोपतात.